लेखापालाचा प्रबंध : जे. सी. कुमारप्पा आणि व्यवसायानंतरचे संशोधन

प्रस्तावना

नोकरी वा व्यवसायात काही वर्षे घालवून पीएच.डी.कडे वळणाऱ्यांकडे बहुधा 'उशिरा आलेले विद्यार्थी' म्हणून पाहिले जाते. त्यांचा अनुभव हा प्रवेशअर्जातील केवळ एक रकाना ठरतो. ही दृष्टी कितपत योग्य आहे, हे तपासण्यासाठी वर्ध्याच्या मगनवाडीत कार्य केलेले अर्थचिंतक जे. सी. कुमारप्पा (१८९२–१९६०) यांचे उदाहरण उपयुक्त आहे. त्यांचे विद्यापीठीय संशोधन एम.ए.च्या पातळीवरील होते. तथापि व्यवसायातून संशोधनाकडे जाण्याची प्रक्रिया त्यात स्पष्टपणे दिसते.

व्यवसायातून आलेली पद्धती

कुमारप्पांनी लंडनमध्ये लेखापालनाचे शिक्षण घेतले आणि मुंबईत व्यवसाय केला. १९२७ मध्ये ते अमेरिकेस गेले. सिरॅक्यूज विद्यापीठात पदवीच्या वर्गात बसून त्यांनी १९२८ मध्ये व्यवसाय प्रशासनाची पदवी मिळविली आणि नंतर कोलंबिया विद्यापीठात प्रा. सेलिग्मन यांच्याकडे सार्वजनिक वित्ताचा अभ्यास केला. भारताच्या दारिद्र्यावरील त्यांच्या एका व्याख्यानाचे वृत्त वाचून सेलिग्मन यांनी हाच विषय अभ्यासण्याचे सुचविले. म्हणजे येथे मार्गदर्शकाने विषय लादला नाही. अभ्यासकाच्या मनातील प्रश्न ओळखला.

'पब्लिक फायनान्स अँड अवर पॉव्हर्टी' हे या अभ्यासाचे फलित १९२९-३० मध्ये 'यंग इंडिया'तून क्रमशः प्रसिद्ध झाले. सरकारी अर्थव्यवहार हिशेबतपासनिसाच्या नजरेने वाचणे, हे या लेखनाचे बलस्थान होय. महसूल कोणाकडून गोळा होतो आणि लष्कर, कर्जफेड व प्रशासन यांवर तो कसा खर्च होतो, हा साधा प्रश्न संपूर्ण विवेचनाला आधार देतो. ही पद्धती त्यांना व्यवसायाने दिली होती.

मर्यादा आणि तिची भरपाई

मात्र या लेखनाची मर्यादाही त्याच पद्धतीतून निर्माण होते. सरकारी हिशेबात जे नोंदले जात नाही, ते हिशेबतपासनिसास दिसत नाही. घरातील श्रम, बलुत्याचा व्यवहार, शेतकऱ्याचे रिकामे महिने यांना अंदाजपत्रकात स्थान नसते. गुजरातेतील मातर तालुक्याची आर्थिक पाहणी करताना कुमारप्पांना गावोगावची माहिती गोळा करावी लागली. १९३४ मध्ये वर्ध्यात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाल्यावर तेलघाणी, हातकागद, मधमाशीपालन हेच त्यांच्या अभ्यासाचे क्षेत्र बनले. 'इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स' या पुस्तकाच्या १९४५ मधील प्रस्तावनेत गांधीजींनी त्यांना ग्रामोद्योगांचे डॉक्टर म्हणून गौरविले. अशा रीतीने व्यवसायाने पद्धती दिली, विद्यापीठाने शिस्त दिली आणि क्षेत्रकार्याने दोन्हींतील उणीव दाखविली.

आजची प्रवेशप्रक्रिया

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी अर्धवेळ पीएच.डी.स मान्यता दिली आहे. त्यासाठी नियोक्त्याचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. अभ्यासक्रम कार्य व प्रबंधाचे मूल्यमापन पूर्णवेळ विद्यार्थ्यांप्रमाणेच होते. हे योग्यच आहे, कारण अनुभव म्हणजे संशोधन नव्हे. कुमारप्पांनाही पुन्हा वर्गात बसावे लागले. परंतु विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेच्या मार्गाने येणाऱ्यांसाठी ७० टक्के भार लेखी परीक्षेस व ३० टक्के मुलाखतीस आहे. पदव्युत्तर पदवीनंतर पंधरा वर्षांनी येणारी परिचारिका, अभियंता वा शाळाशिक्षक लेखी परीक्षेत ताज्या पदवीधराच्या मागे पडण्याचा संभव अधिक असतो. त्यांच्याजवळील खरे भांडवल, म्हणजे कामातून उभा राहिलेला प्रश्न, मुलाखतीतच ऐकला जाऊ शकतो. ही मुलाखत औपचारिकता ठरली किंवा मार्गदर्शकाच्या हातातील तयार विषय उमेदवारास देण्यात आला, तर अनुभव बाहेरच राहतो.

समारोप

दोष केवळ नियमांचा नाही. व्यवसायातून येणाऱ्या उमेदवारानेही बढतीची वा पदनामाची अपेक्षा आणि संशोधनाची गरज यांत भेद केला पाहिजे. कोणते विद्यापीठ, हे ठरविण्यापूर्वी कोणता प्रश्न आणि त्यासाठी योग्य मार्गदर्शक कोण, हे ठरविणे आवश्यक आहे. महाविद्यालयीन प्राध्यापक हे बहुधा त्याचे पहिले सल्लागार असतात. विषय कोणता घ्यावा, असे त्याने विचारल्यास विषयांची यादी देण्याऐवजी कामाच्या ठिकाणी कोणती गोष्ट हिशेबात बसत नाही, हे त्यालाच विचारणे अधिक फलदायी ठरेल. कुमारप्पांच्या प्रबंधाचा आरंभ अशाच न जुळणाऱ्या हिशेबातून झाला होता.