तडितरक्षक फक्त इमारतीलाच?

बालभारतीच्या २०१७ सालच्या सातवीच्या विज्ञान पुस्तकात ‘स्थितिक विद्युत’ हा पाठ आहे. त्यातले तडितरक्षकाचे वर्णन नेटके आहे : माथ्यावर टोकदार भाला, तांब्याची पट्टी, जमिनीत कोळसा व मीठ घातलेला खड्डा. मात्र पाठ इमारतीपाशीच थांबतो, ही उणीव आम्हाला जाणवते.

उल्हास नदी बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरच्या मुलांच्या ओळखीची. २७ जुलै २०१९ रोजी महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणी दरम्यान पुरात अडकली, तेव्हा प्रवाशांसाठी रबरी होड्या आणाव्या लागल्या. अशा होडीवर वीज पडली तर? होडीला खड्डा कुठला! पाणी हीच तिची जमीन.

विल्यम स्नो हॅरिस यांनी १८२० मध्ये डोलकाठीत तांब्याच्या पट्ट्या कायमच्या बसवून तळापर्यंत नेण्याची योजना मांडली. १८३१ मध्ये निघालेल्या ‘बीगल’ जहाजावर ती होती. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात वीज सहज पसरते. बदलापूरचे गोडे पाणी मात्र मंद वाहक. तेथे ती पाण्यात नीट न उतरता बाजूला, माणसांवरही, उडू शकते. रबरी होडीत तर डोलकाठीच नाही. माणसाचे डोकेच सर्वांत उंच. म्हणून गडगडाट ऐकताच काठ गाठून पक्क्या घरात जावे.

शिक्षकांनी विद्युतघट व छोटा दिवा घेऊन नळाच्या व मिठाच्या पाण्याची तुलना करावी. खड्ड्यातले मीठ कशाला, हे मुलेच सांगतील.