पोषणाचा आकडा नेमके काय मोजतो?

शस्त्रक्रियेपूर्वीच्या रक्ततपासणीवरून कर्करुग्ण पुढे किती काळ जगेल, याचा अंदाज बांधणारे एक सूत्र बरेच वापरले जाते. जपानमधील ओनोदेरा व सहकाऱ्यांनी ते १९८४ मध्ये मांडले. रक्तद्रवातील अल्ब्युमिन (दर १०० मिलिलिटरला ग्रॅम) गुणिले १०, अधिक लसिकापेशींची संख्या (दर घन मिलिमीटरला) गुणिले ०.००५. उत्तर ४० पेक्षा कमी आले तर आतडे कापून जोडण्याचे धाडस करू नये, असा त्यांचा सल्ला होता. म्हणजे मूळ प्रश्न शस्त्रक्रिया सोसण्याचा. आयुष्याचे भाकीत नंतर आले. जठराच्या व मोठ्या आतड्याच्या कर्करोगात हे भाकीत बऱ्याच पाहण्यांत खरे ठरले, हे मान्य. आक्षेप आहे तो त्याच्या नावाला : 'पोषण निर्देशांक'.

वर्गात हे सूत्र फळ्यावर मांडून पाहावे. अल्ब्युमिन ४ व लसिकापेशी १५०० असतील तर ४० + ७.५ = ४७.५. जवळजवळ सारा भार अल्ब्युमिनवर! आणि अल्ब्युमिन काही केवळ खाण्यापिण्यावर ठरत नाही. गाठीमुळे शरीरात दाह सुरू झाला की यकृत ते कमी बनवते, शिवाय केशवाहिन्यांतून ते बाहेर झिरपते. उलट, अन्न टाकून हाडांचा सापळा झालेल्या अ‍ॅनोरेक्सियाच्या रुग्णांत ते पुष्कळदा नेहमीइतकेच आढळते. अमेरिकेतील पोषणोपचार तज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निवेदनात, अल्ब्युमिनला कुपोषणाचे माप मानू नये, असे स्पष्टच म्हटले आहे.

नावात काय आहे, असे कोणी म्हणेल. पण नावावरून उपाय सुचतो : पोषण कमी, तर मग शिरेतून पोषण द्या. (आपल्याकडे नातेवाईक 'ताकदीची बाटली' लावायला सांगतात, तेही याच तर्काने.) अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत ३९५ कुपोषित रुग्णांवर हा उपाय पारखला गेला; निष्कर्ष १९९१ मध्ये आले. हे सगळेच काही कर्करुग्ण नव्हते. शस्त्रक्रियेपूर्वी शिरेतून पोषण दिल्याने मृत्यू कमी झाले नाहीत, जंतुसंसर्ग मात्र वाढले. फायदा दिसला तो फक्त तीव्र कुपोषितांत.

हे तीव्र कुपोषित ओळखायचे कसे? सहा महिन्यांत वजन किती घटले आणि जेवण किती जाते, हे विचारून. १९३६ मध्ये स्टडली या शल्यविशारदाने जठरव्रणाच्या रुग्णांत नुसत्या वजनकाट्यावर हे दाखवले होते. शस्त्रक्रियेपूर्वी ज्यांचे वजन २० टक्क्यांहून अधिक घटले होते, त्यांपैकी एक तृतीयांश दगावले. इतरांत हे प्रमाण ३.५ टक्के होते.