पगारी शिपायाची बखर

शहराच्या चौकात सोन्याचांदीची रास रचलेली आहे, तिच्यावर मंत्राचे कवच. बंडखोरांचा सेनापती रेकर याचे मुंडके जो आणील, त्याची ती रास. फौजेला जे साधले नसते ते या राशीने साधते. रेकरला आता आपल्याच माणसांकडे पाठ करून झोपता येत नाही. ग्लेन कुकच्या ‘द ब्लॅक कंपनी’ (१९८४) या कादंबरीतल्या साऱ्या लढायांपेक्षा मला हा प्रसंग अधिक भयंकर वाटतो.

कथा सांगतो क्रोकर. तो ‘ब्लॅक कंपनी’ या भाडोत्री सैनिकांच्या तुकडीचा वैद्य आणि बखरकारही. आपल्याकडच्या बखरी बहुधा कुणा धन्याच्या सांगण्यावरून लिहिल्या गेल्या. क्रोकर लिहितो ते सोबत्यांसाठी, त्यामुळे वाक्ये तुटक, खडबडीत. मेलेल्या सोबत्याची पुष्कळदा एका ओळीत बोळवण होते आणि पत्त्यांचा डाव मात्र सावकाश रंगतो. हा कोरडेपणा निर्दयपणाचा नाही. रोज मरण पाहणारी माणसे अशीच बोलत असावीत.

सुरुवातीला कंपनी बेरिल शहराच्या सत्ताधीशाच्या चाकरीत असते. करार मोडणे तिच्या ब्रीदात बसत नाही. पण धनीच उरला नाही तर? उत्तरेकडून आलेल्या दूताची ऑफर समोर असते, धनी मरतो, आणि क्रोकरच्या लेखणीला ती टोचणी पुढे कधी सोडत नाही. १७७३ सालच्या शनिवारवाड्यातले गारदी ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला इथे थोडे थांबावेसे वाटेल.

नवी मालकीण म्हणजे ‘लेडी’. तिच्या पदरी ‘टेकन’ म्हणवले जाणारे दहा मांत्रिक, सगळे एकमेकांच्या जिवावर उठलेले. दरबारी कारस्थानांच्या कादंबऱ्या आपल्याला सहसा पडद्याआड नेतात. कुक आपल्याला बाहेर, पहाऱ्यावर उभे करतो. सोलकॅचर आणि लिंपर या दोन टेकनचे हाडवैर शिपायांपर्यंत पोहोचते ते हुकूम म्हणून: इथे कूच करा, त्याला सापळ्यात पकडा. कशासाठी, ते नंतर कळते. सोलकॅचर तर मुखवट्याआडून दर वाक्याला निराळ्या आवाजात बोलतो. बाई की पुरुष, तेही ओळखू येत नाही. दरबाराचे याहून नेमके चित्र मला आठवत नाही.

या बखरकाराची एक दुखरी जागा आहे. लेडीला पाहण्याआधीच त्याने तिच्यावर शृंगारिक कल्पनाकथा रचलेल्या असतात आणि सोबती त्यावरून त्याची टर उडवतात. पुढे तीच त्याला युद्धाचा साक्षीदार म्हणून बरोबर नेते, तेव्हा ती थट्टा त्याच्या अंगाशी येते. सोबत्यांची काही काळी कृत्ये आपण लिहिली नाहीत, कारण ते आपले भाऊ आहेत, हेही तो कबूल करतो. त्या एका कबुलीने बाकीची बखर खरी वाटू लागते.

उणिवा आहेत. शहरे नावापुरती उभी राहतात, स्त्रिया मोजक्याच, आणि पहिली काही पाने कोण कुठला ते उमगत नाही. तिथे पुस्तक मिटू नका. शेवटी डार्लिंग या मुक्या-बहिऱ्या पोरीबद्दल क्रोकरला जे कळते, ते तो मालकिणीला सांगत नाही.

पुढचा भाग ‘शॅडोज लिंगर’ त्याच वर्षी आला.