नारायण मेघाजी लोखंडे यांचे कामगार नेतृत्व : स्थलांतराच्या अंगाने पुनर्विचार

प्रस्तावना

भोर व वेल्हे परिसरातील डोंगराळ गावांचे मुंबईशी असलेले नाते जुने आहे. पावसावर येणारे भात, नाचणी व वरी यांवर कुटुंबाचे वर्ष निघत नाही. म्हणून एका भावाने शेत सांभाळावे आणि दुसऱ्याने मुंबई गाठावी, ही येथील रीत झाली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईचा गिरणी कामगार कोकण, सातारा व पुणे या भागांतील अशाच घरांतून घडला. त्याचे पहिले नेते नारायण मेघाजी लोखंडे (१८४८–१८९७) हेही स्थलांतरित कुटुंबातील होते. त्यांचे मूळ गाव पुणे जिल्ह्यातील कन्हेरसर, तर जन्म ठाण्याचा. रेल्वे व टपाल खात्यातील नोकरीनंतर ते मांडवी येथील गिरणीत भांडारपाल झाले आणि १८८० मध्ये 'दीनबंधू' या सत्यशोधक पत्राची धुरा त्यांनी मुंबईत स्वीकारली.

मनोहर कदम यांच्या चरित्राने लोखंडे यांना भारतीय कामगार चळवळीचे जनक म्हणून प्रस्थापित केले. तथापि हे जनकत्व नेमके कशात आहे, हा प्रश्न उरतोच. प्रस्तुत लेखात त्याचा विचार स्थलांतराच्या अंगाने केला आहे.

आक्षेप आणि त्याची कसोटी

लोखंडे यांनी १८८४ मध्ये स्थापन केलेल्या बॉम्बे मिल हँड्स असोसिएशनविषयी एक आक्षेप वारंवार घेतला जातो. या संस्थेकडे सभासदांची यादी नाही, निधी नाही व नियमावली नाही. लोखंडे हे केवळ मजुरांचे स्वेच्छेने झालेले सल्लागार आहेत, अशी नोंद १८९२ च्या सरकारी अहवालात आढळते. पुढे अनेक इतिहासकारांनी तीच नोंद प्रमाण मानून ही संस्था खऱ्या अर्थाने कामगार संघटना नव्हती, असा निष्कर्ष काढला.

आक्षेपातील तपशील खरा आहे. त्यामागील कसोटी मात्र तपासून घ्यावयास हवी. नोंदवही व वर्गणी या गोष्टी एका जागी स्थिरावलेला कामगार गृहीत धरतात. मुंबईचा गिरणी कामगार तसा नव्हता. पेरणीला किंवा कापणीला तो गावी जाई, परतल्यावर मुकादमाच्या मर्जीने कदाचित दुसऱ्याच गिरणीत लागे. अशा माणसांची यादी आज केली तर उद्या जुनी झाली असती. म्हणून लोखंडे यांनी जे मार्ग निवडले ते सभा, सह्यांचा अर्ज आणि वृत्तपत्र हे होते. त्यांना दुर्बळ संघटनेची लक्षणे मानण्याऐवजी फिरत्या कामगाराला साजेशी साधने मानणे अधिक न्याय्य ठरेल.

मागण्यांचे वाचन

सप्टेंबर १८८४ मधील सभांतून तयार झालेल्या अर्जावर सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्या होत्या. दर रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत आणि अपघातग्रस्तास भरपाई, अशा या मागण्या होत्या.

यांतील शेवटच्या दोन मागण्या स्थलांतराच्या संदर्भाशिवाय पुरत्या उलगडत नाहीत. पगार थकला की गावी पैसा पोहोचत नाही, वाण्याची उधारी वाढते आणि येणे सोडून गावी जाणेही परवडत नाही. अपघातात हात गेलेल्या मजुराला शहर सांभाळत नसे. तो भार अखेर गावाकडील शेतावर पडे. गिरणीचा नफा मुंबईत राही व तिची झीज खेड्याने सोसावी, या व्यवहारावर भरपाईची मागणी नेमके बोट ठेवते. रविवारच्या मागणीलाही असाच ग्रामीण संदर्भ आहे. देशावरील कुळांच्या दृष्टीने रविवार हा खंडोबाचा वार आहे.

२४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत झालेल्या सभेस सुमारे दहा हजार कामगार जमले आणि दोन स्त्री-कामगारांनीही भाषणे केली. त्याच वर्षी १० जूनला गिरणी मालकांच्या संघाने साप्ताहिक सुट्टी मान्य केली. ज्या संस्थेकडे यादी नव्हती तिच्या हाकेला आलेला हा प्रतिसाद होय.

मर्यादा

असे असले तरी लोखंडे यांच्या कार्याची मर्यादा नजरेआड करता येत नाही. जोतीराव फुले यांच्या 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) या ग्रंथाची पहिली दोन प्रकरणे 'दीनबंधू'ने छापली व पुढील छपाई थांबविली. फुल्यांनी याबद्दलची नाराजी लपविली नाही. सरकारी रोषाची भीती हे कारण संभवते; परंतु त्याचा वैचारिक परिणाम अधिक गंभीर आहे. कर्ज, सारा व सावकारी यांमुळे जो कुणबी गाव सोडतो, तोच गिरणीत मजूर होतो. मजुराची बाजू मांडणाऱ्या पत्रानेच त्याच्या स्थलांतराची कारणमीमांसा अर्ध्यावर सोडली. अर्ज व विनंती यांवरील विश्वासही याच सावध वृत्तीचा भाग होता. १८९१ च्या कायद्याने स्त्रिया व मुलांच्या कामाच्या तासांवर बंधन आले. प्रौढ पुरुषाचा दिवस मात्र तसाच दीर्घ राहिला.

समारोप

१८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णसेवा करीत असता ९ फेब्रुवारी रोजी लोखंडे यांचे निधन झाले. २००५ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. परंतु 'आद्य' या विशेषणाने त्यांचा गौरव होतो, आकलन होत नाही. यादीत न मावणाऱ्या माणसांनाही सामूहिक आवाज असू शकतो, हे त्यांनी दाखवून दिले, हे त्यांचे खरे योगदान होय; आणि त्या आवाजाला शेतकऱ्याच्या प्रश्नाशी जोडता न येणे ही त्यांची उणीव होय.

हा विचार केवळ इतिहासापुरता नाही. ज्या भोर-वेल्ह्यातून माणसे मुंबईला गेली, त्याच्या लगतच्या शिरवळ परिसरातील कारखान्यांत आज परप्रांतांतून कंत्राटी कामगार येतात. ठेकेदार बदलला की त्यांचे नावही हजेरीपटावरून जाते. त्यांची संघटना होऊ शकत नाही, असे म्हणण्यापूर्वी १८८४ च्या त्या ५,५०० सह्यांचे स्मरण ठेवणे आवश्यक आहे.