नामा म्हणे, पण कोणता नामा?

भजन रंगात आलेले असते. अभंगाचे शेवटचे चरण येते, टाळकरी एक पाऊल पुढे टाकतात आणि 'नामा म्हणे' हे दोन शब्द सगळा फड एका आवाजात उचलतो. त्या क्षणी हा नामा कोणता, असा प्रश्न कोणाच्या मनात येत नाही, आणि येण्याचे कारणही नाही. भजनात नाम घ्यायचे असते, कर्त्याची चौकशी करायची नसते. पण तोच अभंग आपण एकांतात चिंतनाला घेतला, किंवा कीर्तनकाराने तो निरूपणाला घेऊन 'हा प्रसंग नामदेवरायांनी डोळ्यांनी पाहिला' असे श्रोत्यांना सांगितले, की प्रश्न टाळता येत नाही. कारण नामा या नावाने रचना करणारा मराठीत एकच झालेला नाही.

पहिले अर्थातच आपले श्रीनामदेवराय. दामाशेटी आणि गोणाई यांचे पुत्र, जातीचे शिंपी, विसोबा खेचरांचे शिष्य, ज्ञानोबा माउलींचे सखे. परंपरा त्यांचा काळ शके ११९२ ते १२७२, म्हणजे इ.स. १२७० ते १३५० असा मानते. दुसरा विष्णुदास नामा. हा नाथमहाराजांच्या काळातला, सोळाव्या शतकातला. महाभारताची कथा त्याने मराठी ओवीत आणली आणि शुकाख्यान रचले. तिसरा अश्वमेधाची कथा रचणारा नामा पाठक. याखेरीज ज्यांचे नाव तेवढे उरले आणि चरित्र उरले नाही, असे आणखी किती नामे वह्यांतून, बाडांतून वावरले असतील हे पांडुरंगच जाणे. नामदेवरायांवरच्या प्रेमाने महाराष्ट्रात घरोघर मुलाचे नाव नामदेव ठेवले जाई. त्यातला एखादा अभंग रचू लागला, तर त्याने मुद्रा कोणती घालावी?

हे सगळे एकत्र कसे मिसळले ते समजणे अवघड नाही. अभंगाची मालकी सांगणारा कागद नसतो. कर्त्याचे नाव शेवटच्या चरणात गुंफलेले असते आणि अभंग मुखोद्गत होऊन पुढे जातो. कीर्तनकार आपल्या बाडात तो उतरवतो, तेव्हा त्याला प्रसंगाला जुळणारा अभंग हवा असतो. तो कोणत्या शतकातला, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. पुढे छापखाने आले, गाथा सिद्ध होऊ लागल्या आणि बाडांत जे 'नामा' म्हणून सापडले ते एका पुस्तकात आले. महाराष्ट्र शासनाने १९७० मध्ये नामदेवगाथा प्रसिद्ध केली. आज अभ्यासक आणि भाविक तिचाच आधार घेतात. तिच्यात नामदेवरायांच्या परिवारातील मंडळींचे आणि जनाबाईंचेही अभंग आहेत; पण ते ओळखता येतात, कारण त्यांच्या मुद्रा निराळ्या आहेत. अडचण येते ती जिथे मुद्रा एकच आणि माणसे अनेक असतात तिथे.

'विष्णुदास नामा' अशी मुद्रा दिसली की ते अभंग बाजूला काढावेत, हा सोपा उपाय पुष्कळांना सुचतो. तो पुरा पडत नाही. विष्णूचा दास म्हणवून घेण्यात नामदेवरायांनाही धन्यताच वाटणार. मुद्रेतले विशेषण हे आडनाव नव्हे.

दुसरा उपाय भाषेचा. ज्ञानेश्वरीची भाषा जुनी आणि नामदेवरायांच्या नावावरचे कितीतरी अभंग आपल्या ओठांवरचे, सोपे. तेव्हा ते उत्तरकालीन, असे अनुमान काढले जाते. यात घाई आहे. ज्ञानेश्वरी हा लिहिला गेलेला ग्रंथ आहे. त्याच्या प्रतींत पाठभेद शिरले तेव्हा नाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये त्या ताडून शुद्ध प्रत सिद्ध केली. अभंग मात्र गळ्यांतून आले. प्रत्येक पिढीने गाताना अवघड शब्दाच्या जागी आपला शब्द घातला, आणि तो प्रेमानेच घातला. त्यामुळे नवी भाषा दिसली तरी अभंग नवा असतोच असे नाही. ज्ञानेश्वरीला जसे नाथ लाभले तसे नामदेवरायांच्या गाथेला कोणी वेळीच लाभले नाही, एवढाच त्याचा अर्थ.

तिसरी कसोटी आशयाची, आणि ती अधिक भरवशाची. ज्या रचनेत पुढच्या शतकातील संताचे नाव किंवा पुढच्या काळातील घटना येते, ती आधीच्या पुरुषाची असू शकत नाही. चौथी कसोटी हस्तलिखितांची: जुन्यात जुन्या बाडांत कोणता अभंग कोणाच्या नावे येतो ते पाहणे. या दोन्ही कसोट्यांना कष्ट पडतात, आणि त्या लावूनही काही अभंगांचा निकाल लागतच नाही. तिथे 'ठरत नाही' असे म्हणण्याचा संयम हवा.

या संयमाची गरज का, ते दुसऱ्या एका वादावरून दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिवराम एकनाथ भारदे यांनी 'सुधारक' पत्रातून असे मांडले की, ज्ञानेश्वरी लिहिणारे आपेगावचे ज्ञानदेव वेगळे आणि अभंग करणारे आळंदीचे ज्ञानेश्वर वेगळे. नावे कोणाची हा वाद घालणारे भारदे स्वतः 'भारद्वाज' या टोपणनावाने लिहीत होते, ही त्यातली एक गंमत. त्यांचा मुख्य आधार असा की, ज्ञानेश्वरीत विठ्ठलभक्तीचा उच्चार नाही आणि अभंग तर विठ्ठलाने भरलेले आहेत, एकाची वृत्ती शैव नाथपंथी, दुसऱ्याची वैष्णव, भाषाही भिन्न. वारकरी मंडळींना हे झोंबले आणि त्यांनी उत्तरे दिली.

झोंबणे बाजूला ठेवून पाहिले तरी भारद्वाजांची मांडणी टिकत नाही. ज्ञानेश्वरी ही गीतेवरील टीका आहे. तिथे बोलणारे श्रीकृष्ण आणि ऐकणारा अर्जुन. पंढरीची वाट तिथे यावी कशी? अभंग मात्र वाटेवरच जन्मतो. एकच माणूस व्याससभेत बसला की एक बोलतो आणि चंद्रभागेच्या वाळवंटात उभा राहिला की दुसरे बोलतो. शैव आणि वैष्णव या भेदाचेही तसेच. निवृत्तिनाथांकडून नाथपंथाचा बोध घेतलेला शिष्य विठ्ठलाचे गाणे गाऊ शकत नाही, असे मानणाऱ्याने वारकरी पंथाचे हृदयच पाहिलेले नाही. आणि भाषेतील फरकाचे कारण वर आलेच आहे. एका माणसाचे दोन करायला आशयातला फरक पुरत नाही. दोघे एका काळी किंवा एका ठिकाणी असूच शकत नाहीत, असा पुरावा लागतो. भारद्वाजांकडे तो नव्हता. मात्र त्यांच्या प्रश्नाने ज्ञानेश्वरी आणि अभंग शेजारी ठेवून वाचायला लावले, हे त्यांचे ऋण मान्य करण्यात आपले काही कमी होत नाही.

ही कसोटी भारद्वाजांना लावली तर ती स्वतःलाही लावावी लागते. माउली एकच, हे पुराव्याने म्हणायचे आणि नामा एकच, हे केवळ सवयीने म्हणायचे, असे चालणार नाही. शिवाय हे दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. माउलींचे चरित्र आपल्याला मुख्यतः कळते ते 'आदि', 'तीर्थावळी' आणि 'समाधी' या नामदेवरायांच्या अभंग-प्रकरणांतून. आळंदीच्या समाधीसोहळ्याचे वर्णन ऐकताना आपले डोळे भरतात, ते सांगणारा तिथे उभा होता या विश्वासाने. त्यातले काही अभंग नंतरच्या कोणा नाम्याचे असले, तर तेवढ्यापुरता तो डोळ्यांनी पाहिलेल्याचा शब्द राहत नाही, ऐकलेल्याचा होतो. भाव कमी होत नाही, पण साक्ष बदलते. अभ्यासकांनी या प्रकरणांतील काही भागांविषयी शंका घेतल्या आहेत. त्या शंका पंथावरचा घाला नव्हेत. आपल्या सर्वांत मोठ्या साक्षीदाराचे शब्द नेमके कोणते, हे जाणण्याची ती धडपड आहे. खरे तर ती आपण स्वतः करायला हवी होती.

तिसरे उदाहरण पंजाबातले. शीख पंथाच्या गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत. गुरू अर्जनदेवांनी १६०४ मध्ये आदिग्रंथ सिद्ध केला तेव्हापासून ती तिथे आहेत. गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान या गावी नामदेवांचे स्थान आहे. पंजाबातले नामदेव हे निराळेच, अशीही एक शंका घेतली गेली. भाषा हिंदी, श्रोते वेगळे, निर्गुणाकडे कल. भारद्वाजांची पद्धत वापरली तर दोन नामदेव सहज निघतील. पण त्या पदांत 'बीठल' हे नाव येते. कर्ता आपली जात 'छीपा', म्हणजे कापडाचा धंदा करणारी, सांगतो. विठ्ठलाचे नाव घेणारा, कापडाशी जातीने बांधलेला, नामदेव नावाचा भक्त: हा धागा पंढरीकडेच येतो. प्रत्येक पद त्यांचेच, अशी ग्वाही कोणी देऊ नये. पण माणूस तोच, असे मानायला चांगला आधार आहे.

म्हणजे एका नावाचे तीन प्रश्न आणि त्यांची तीन उत्तरे. आळंदीत दोन म्हटले गेले, पण एकच मानणे योग्य. घुमानमध्ये दोन वाटले, पण एकच असण्याचा संभव मोठा. आणि पंढरीच्या गाथेत एक मानले गेले, पण तिथे अनेक आहेत. नावाकडे पाहून यातले एकही उत्तर मिळाले नसते.

यावर एक भाविक आक्षेप येतो. संत सगळे एकरूप. विठ्ठलाशी समरस झालेल्यांना हा नामा आणि तो नामा असे भेद कशाला लावता? आक्षेपामागची भावना खरी आहे. पण पंथाचा स्वतःचा व्यवहार पाहा. नामदेवरायांच्या घरी राबणाऱ्या जनाबाईंनी 'नामयाची जनी' म्हटले. नाते सांगितले, पण आपले नाव सोडले नाही. सोयराबाईंनी आपली ओळख चोखोबांच्या नात्याने सांगितली, तरी चोखोबांची मुद्रा उचलली नाही. नाथमहाराजांनी गुरूचे नाव जोडले, तरी पुढे 'एका' ठेवला. तुकोबारायांची गोष्ट तर याहून बोलकी आहे. स्वप्नात पांडुरंगाला बरोबर घेऊन नामदेवराय आले आणि शतकोटी अभंगांचा आपला अपुरा संकल्प पुरा करण्यास त्यांनी सांगितले, हे तुकोबांनीच सांगून ठेवले आहे. संकल्प नामदेवांचा, आज्ञा नामदेवांची. त्या अभंगांवर 'नामा म्हणे' घालायला याहून मोठा अधिकार कोणाला मिळणार? तरी तुकोबांनी मुद्रा घातली ती 'तुका म्हणे' अशीच. एकरूपता मान्य केली आणि बोलण्याची जबाबदारी स्वतःवर घेतली. मुद्रा म्हणजे मालकीची पाटी नव्हे, ती साक्षीदाराची सही आहे. ज्याचे बोलणे त्याच्या नावे राहावे, ही शिस्त अभ्यासकांनी बाहेरून आणलेली नाही. ती संतांनीच घालून दिली आहे.

ही शिस्त पाळली नाही तर नुकसान दोघांचे होते. नामदेवरायांच्या नावावर सैल, पाल्हाळिक रचना चढतात, आणि मग एखादा टीकाकार त्यांचा कस त्या उसन्या ओळींवरून लावतो. पण मला अधिक वाईट वाटते ते विष्णुदास नाम्याचे. महाभारताएवढी कथा ज्याने सामान्य माणसाच्या ओवीत आणली, त्याला आज किती वारकरी ओळखतात? त्याने दुसऱ्याचे नाव चोरले नव्हते. त्याला ते मिळाले होते, आणि थोर नावाच्या सावलीत तो झाकला गेला. आपण त्याचे अभंग गातो आणि नमस्कार दुसऱ्याला करतो.

मग करायचे काय? भजनात काहीही बदलायचे नाही. तिथे 'नामा म्हणे' एवढेच पुरे आहे. कीर्तनात मात्र कर्तृत्वाचा निर्वाळा नसलेला अभंग 'नामदेवगाथेतला' म्हणून सांगावा. 'नामदेवरायांनी पाहिले' असे म्हणण्याआधी थोडे थांबावे. विष्णुदास नाम्याची कथा घेतली तर त्याचे नाव स्वच्छ उच्चारावे. घरातल्या, फडातल्या जुन्या बाडांना वाळवी लागू न देता ती अभ्यासकाला दाखवावीत. एवढे केले तरी पुष्कळ झाले.

पंढरीच्या महाद्वारात नामदेवरायांची पायरी आहे. संतांच्या पायांची धूळ आपल्यावर पडावी म्हणून ते तिथे विसावले, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. त्या पायरीवर माथा टेकताना एक विचार मनात यावा. ज्याने दुसऱ्यांच्या पायांची धूळ मागितली, त्याला दुसऱ्यांचे अभंग नको आहेत. ते ज्याचे त्याला परत देणे, ही त्यांचीच सेवा आहे.

रामकृष्णहरि.