क्रीडा मानसशास्त्रातील गाळलेले ध्येय : ध्येयाभिमुखता सिद्धांताची सांस्कृतिक चिकित्सा

प्रस्तावना

क्रीडा मानसशास्त्र ही तुलनेने तरुण ज्ञानशाखा आहे. अमेरिकेत कोलमन ग्रिफिथ यांनी १९२५ मध्ये इलिनॉय विद्यापीठात क्रीडाविषयक प्रयोगशाळा सुरू केली आणि १९६५ मध्ये रोम येथे या विषयाची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. संघटना आंतरराष्ट्रीय झाली तरी आपल्या विद्यापीठांत पोहोचलेली परिभाषा, चाचण्या आणि पाठ्यपुस्तके मात्र प्रामुख्याने उत्तर अमेरिका व पश्चिम युरोपातूनच आली. शारीरिक शिक्षण आणि मानसशास्त्र या विभागांतील प्रबंधांमध्ये आजही परदेशी प्रश्नावलीचे भाषांतर करावे, ती शे-दोनशे खेळाडूंकडून भरून घ्यावी आणि मध्यमानांची तुलना करून निष्कर्ष काढावेत, असा प्रघात आढळतो. अशा संशोधनात संस्कृती हा फार तर एक 'चल' असतो.

हा प्रश्न खेळाडूपाशी सुरू होत नाही, तो मोजपट्टीपाशीच सुरू होतो, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. त्यासाठी क्रीडा अभिप्रेरणेच्या क्षेत्रातील सर्वाधिक प्रतिष्ठा पावलेल्या ध्येयाभिमुखता सिद्धांताची येथे चिकित्सा केली आहे.

एक खेळाडू, अनेक मानसशास्त्रे

या ज्ञानशाखेच्या संकल्पना कोणत्या समाजात घडल्या, हे प्रथम ध्यानी घ्यावयास हवे. अमेरिकेतील संशोधनात आत्मविश्वास, स्पर्धात्मक चिंता आणि वैयक्तिक यशाची प्रेरणा या संकल्पनांना मध्यवर्ती स्थान मिळाले. रेनर मार्टेन्स यांची १९७७ ची स्पर्धात्मक चिंतेची चाचणी आपल्याकडील संशोधकांच्याही चांगल्या परिचयाची आहे. याउलट सोव्हिएत रशियात पुनी आणि रुदिक यांच्या परंपरेने इच्छाशक्ती व तिचे प्रशिक्षण यांना केंद्रस्थान दिले. चीनमध्ये सी गांगयान यांनी २००६ मध्ये सर्वोच्च कामगिरीची व्याख्याच बदलण्याची मागणी केली. 'आदर्श' मनःस्थितीचा पाठलाग करण्यापेक्षा स्पर्धेत येणाऱ्या प्रतिकूलतेशी जुळवून घेणे हे मानसिक प्रशिक्षणाचे उद्दिष्ट असावे, असे त्यांनी मांडले.

मैदानावरची धडधड, घाम आणि हार-जीत सर्वत्र सारखीच असते. मात्र त्यांपैकी कोणत्या गोष्टीला नाव द्यावे आणि कोणती गोष्ट मोजावी, याचा निर्णय ज्या त्या समाजाने आपल्या गरजेनुसार घेतलेला दिसतो. म्हणून एखादी संकल्पना 'सार्वत्रिक' आहे असे म्हणण्यापूर्वी तिच्या जन्माची हकिकत तपासणे आवश्यक ठरते.

तीन ध्येयांची दोन ध्येये

ध्येयाभिमुखता सिद्धांताचा जन्म, आश्चर्य वाटेल, पण संस्कृतीच्याच प्रश्नातून झाला. मार्टिन मेहर आणि जॉन निकोल्स यांनी १९८० मध्ये संस्कृती व यशप्रेरणा यांच्या संबंधाचा फेरविचार करणारा निबंध लिहिला. यश आणि अपयश या वस्तुनिष्ठ घटना नसून त्या व्यक्तीच्या मनातील अवस्था आहेत आणि त्यांचा अर्थ संस्कृतीनुसार बदलतो, ही त्यांची मूळ भूमिका होती. त्यांनी तीन प्रकारची ध्येये सांगितली : आपली क्षमता सिद्ध करणे, हाती घेतलेले काम उत्तम रीतीने करणे आणि समाजाची मान्यता मिळवणे.

पुढे निकोल्स यांच्या सैद्धांतिक मांडणीत पहिल्या दोन ध्येयांवर भर राहिला. १९८९ ते १९९२ या काळात जोन डूडा आणि निकोल्स यांनी क्रीडाक्षेत्रासाठी जी प्रश्नावली सिद्ध केली, तिच्यात १३ विधाने आहेत. त्यांपैकी ७ कार्याभिमुखता मोजतात आणि ६ अहं-अभिमुखता. खेळात आपणास सर्वाधिक यशस्वी केव्हा वाटते, या एकाच प्रश्नाची ही १३ संभाव्य उत्तरे आहेत. तिसरे ध्येय, म्हणजे सामाजिक मान्यता, त्यात नाही.

डूडा यांना संस्कृतीविषयी अनास्था होती असे मात्र मुळीच म्हणता येत नाही. त्यांचे आरंभीचे संशोधन नवाहो विद्यार्थ्यांच्या यशप्रेरणेवर होते आणि ते १९८० मध्ये मानसशास्त्रीय मानवशास्त्राच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे १९९० मध्ये मारिया ॲलिसन यांच्यासह त्यांनी लिहिलेल्या लेखाने क्रीडा मानसशास्त्रातील आंतरसांस्कृतिक संशोधनाच्या अभावाला 'पोकळी' असे स्पष्ट नाव दिले. २००४ मध्ये राम, स्टारेक आणि जॉन्सन यांनी वंश, वांशिकता व लैंगिक कल यांच्या संदर्भात हीच तपासणी पुन्हा केली, तेव्हाही पोकळी बहुतांशी कायम होती. दोष कोणा एका संशोधकाचा नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे. संकल्पनेचे मोजमापात रूपांतर होताना जे सुटसुटीतपणे मोजता येते ते टिकते आणि उरलेले गळून पडते. आयात करणाऱ्याच्या हाती पडते ते केवळ साधन. त्यामागचा वाद त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

घटक-विश्लेषण काय सांगत नाही

यावर एक वजनदार आक्षेप घेतला जाईल. या प्रश्नावलीची अनेक भाषांत रूपांतरे झाली आहेत आणि घटक-विश्लेषणात बहुतेक ठिकाणी तेच दोन घटक मिळाले आहेत. मग ती सार्वत्रिक का मानू नये?

आक्षेपातील वस्तुस्थिती मान्य करूनही त्यावरून काढलेला निष्कर्ष मान्य करता येत नाही. घटक-विश्लेषण विचारलेल्या विधानांचे परस्परसंबंध दाखवते. न विचारलेल्या विधानाविषयी ते काहीही सांगू शकत नाही. दोनच रंगांच्या चष्म्यातून सारे जग पाहिले, तर सर्व देशांत तेच दोन रंग दिसणार.

एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, तालुक्याच्या गावातील एक महाविद्यालयीन कबड्डीपटू मुलगी ही प्रश्नावली भरते आहे. तिचे खेळणे घरच्यांच्या परवानगीवर आणि ती परवानगी गावाच्या बोलण्यावर अवलंबून आहे. जिल्हास्तरावर जिंकल्यावर गावाने वडिलांना मान दिला, तो तिला आपल्या यशाचा क्षण वाटतो. हे उत्तर नोंदवण्यास तिच्यासमोर जागाच नाही. शिवाय 'हे कौशल्य फक्त मलाच जमते' अशा आशयाच्या विधानाला जोरदार सहमती देणे तिच्या घरच्या वळणात प्रौढी ठरते. तिचा अहं-अभिमुखतेचा गुणांक कमी आला, तर त्यात किती प्रेरणा मोजली गेली आणि किती बोलण्याची रीत, हे सांगता येणार नाही. तरीही प्रबंधात त्या गुणांकावरून 'ग्रामीण खेळाडूंमध्ये स्पर्धात्मक प्रेरणा कमी आढळते' असे वाक्य लिहिले जाऊ शकते, आणि असे वाक्य पुढे निवड समितीच्या कानावर गेले तर त्याची किंमत त्या मुलीला मोजावी लागते.

गोळेश्वर ते हेलसिंकी

गाळलेल्या तिसऱ्या ध्येयाचे वजन ध्यानी येण्यासाठी महाराष्ट्रातील एक सर्वज्ञात उदाहरण पुरेसे आहे. कराडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांच्या प्रवासासाठी लोकवर्गणी झाली आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी आपले घर गहाण ठेवले, असे त्यांच्या चरित्रविषयक लेखनात नोंदवलेले आहे. परतल्यावर बैलगाड्यांच्या मिरवणुकीने त्यांचे स्वागत झाले. पुढे कुस्त्यांचे आयोजन करून त्यांनी ते ऋण फेडले.

या घटनाक्रमावरून खाशाबांच्या अंतर्मनाविषयी अनुमान काढणे योग्य होणार नाही. पण ज्या खेळाडूच्या पाठीशी गहाण पडलेले घर आणि वर्गणी देणारा गाव उभा आहे, त्याची प्रेरणा 'काम' आणि 'अहं' या दोन रकान्यांत मावते काय, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. इथे मान्यता म्हणजे केवळ टाळ्या नव्हेत. त्यात ऋण, विश्वास आणि उत्तरदायित्व यांची गुंतागुंत आहे. 'सामाजिक मान्यता' हा मूळ शब्दही तिला अपुराच पडतो.

जोसेफ ऑल्टर यांनी बनारसच्या आखाड्यांवर लिहिलेला 'द रेसलर्स बॉडी' हा १९९२ चा ग्रंथ या दृष्टीने उद्बोधक आहे. व्यायाम, खुराक, ब्रह्मचर्य, आखाड्याची माती आणि गुरूविषयीचा भाव यांनी मिळून पैलवानाची जी जीवनरीत घडते, तिच्यात मन आणि शरीर वेगळे काढता येत नाही, हे त्यातून दिसते. अशा खेळाडूची 'मानसिक तयारी' स्वतंत्रपणे मोजू पाहणारी चाचणी मोजमापाआधीच एक तत्त्वज्ञान गृहीत धरून चालते.

उलट दिशेचा धोका

मात्र 'पाश्चात्त्य व्यक्तिवादी, पौर्वात्य समूहवादी' अशी सरधोपट विभागणी केल्यास आपण एक साचा टाकून दुसरा स्वीकारू. ऑइगेन हेरिगेल या जर्मन प्राध्यापकांनी जपानमधील वास्तव्यानंतर झेन आणि धनुर्विद्या यांवर लिहिलेले १९४८ चे पुस्तक खेळाडूच्या 'पौर्वात्य मना'चा जणू प्रमाणग्रंथ मानले गेले. जपानी अभ्यासक यामादा शोजी यांनी २००१ मध्ये दाखवून दिले की, हेरिगेल यांचे गुरू आवा केन्झो हे झेनचे साधक नव्हते आणि गुरु-शिष्यांतील संवाद दुभाष्याच्या आधाराने, बऱ्याच गैरसमजांसह चालला होता.

आपल्या तालमींविषयी लिहितानाही हे भान हवे. बहुतेक तालमींची दारे दीर्घकाळ स्त्रियांना बंद होती. वस्तादाविषयीच्या आदरात आज्ञाधारकपणाची सक्तीही असू शकते. जात, लिंग, प्रदेश आणि वर्ग यांनुसार एकाच जिल्ह्यात खेळाचे अर्थ बदलतात. संस्कृती म्हणजे गौरवाची यादी नव्हे. ती चिकित्सेचाच विषय आहे.

समारोप

क्रीडा मानसशास्त्राच्या आयात साधनांवर बहिष्कार घालावा, असा या विवेचनाचा आशय नाही. कार्य आणि अहं या संकल्पना उपयुक्त आहेत. त्या पुरेशा आहेत, हे गृहीतक तेवढे सदोष आहे. मार्गदर्शक अध्यापकांना यावरून काही गोष्टी करता येतील. प्रश्नावलीचे भाषांतर करण्यापूर्वी काही खेळाडूंच्या खुल्या मुलाखती घ्याव्यात आणि 'यश' या शब्दाने त्यांना काय अभिप्रेत आहे, ते त्यांच्याच बोलीत नोंदवावे. परदेशी मानके भारतीय नमुन्याला लावू नयेत. वस्ताद, प्रशिक्षक आणि पालक यांचे शब्द संकल्पनांचा कच्चा माल म्हणून वापरावेत. गुणांकावरून खेळाडूच्या निवडीविषयी विधान करण्याचे टाळावे.

मेहर आणि निकोल्स यांनी १९८० मध्ये विचारलेला प्रश्न आजही खुला आहे. तो पुन्हा विचारण्यास आपली महाविद्यालये अनेकांपेक्षा अधिक सोयीच्या जागी आहेत, कारण ज्या खेळाडूंसाठी प्रश्नावलीत रकाना नाही, ते रोज सकाळी त्यांच्याच मैदानावर सराव करीत असतात.