एका समीकरणाची मराठी

वस्तुमान, ऊर्जा आणि प्रकाशवेग यांचा संबंध सांगणारें आइन्स्टाइनचें सूत्र मराठी वाचकाला आतां अपरिचित राहिलेलें नाहीं. परंतु त्याच्या विवरणार्थ लोकप्रिय विज्ञानलेखनांत ‘वस्तुमान नष्ट होऊन त्याची शक्ति होते’ अशा धर्तीचें जें वाक्य पुनःपुन्हां आढळतें, त्यावर आमचा आक्षेप आहे.

पहिला दोष ‘शक्ति’ या शब्दाचा. अश्वशक्ति म्हणतांना आपण कार्य करण्याचा वेग मोजतों, आणि अणुशक्ति म्हणतांना कार्य करण्याची क्षमता. एकाच शब्दावर दोन राशींचा भार घातल्यावर वाचकानें गणित जुळवावें कसें? ‘ऊर्जा’ हा शब्द रूढ झाला हें बरें झालें. मुंबईंतील अणुशक्तिनगराच्या नांवांत जुना शब्द टिकून आहे, त्याला मात्र आमची हरकत नाहीं. गांवांचीं नांवें परिभाषा पाळीत नसतात.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. श्रीवर्धनच्या एखाद्या वाडींतला तांब्याचा बंब घ्या. करवंट्या आणि सोडणें जाळून २० लिटर पाणी २५ अंशांवरून ६५ अंशांपर्यंत तापविलें, तर तें एका ग्रॅमाच्या सुमारें पावणेतीन कोटींव्या भागानें जड होतें! कोणताहि तराजू हें दाखविणार नाहीं. पण सूत्राचा अर्थ हाच. सर्पण व त्यानें ओढून घेतलेला प्राणवायु यांच्या एकत्रित वस्तुमानाहून, निवालेली राख व धूर यांचें वस्तुमान किंचित् कमी भरतें. आणि जें कमी पडलें तें उष्णतेबरोबर पाण्यांत, तांब्यांत आणि परसांतल्या हवेंत गेलें. नष्ट कांहींच झालें नाहीं. ती उष्णता तरी करवंटींत आली कोठून? सूर्य दर सेकंदाला चाळीस लाख टनांहून अधिक वस्तुमान प्रकाशरूपानें उधळीत असतो. त्याचा अत्यल्प अंश आठ मिनिटांनीं श्रीवर्धनच्या माड-पोफळींवर पोंचतो व तेथें सांठून राहतो.

आइन्स्टाइनच्या १९०५ सालच्या मूळ निबंधाचें शीर्षकच प्रश्नरूप आहे: पदार्थाचें जडत्व त्याच्यांतील ऊर्जेवर अवलंबून असतें काय? बाहेर पडलेल्या ऊर्जेला प्रकाशवेगाच्या वर्गानें भागावें, तितकें वस्तुमान घटतें, हें त्याचें उत्तर. आमचे लेखक भागाकार सोडून गुणाकारच सांगतात: एक ग्रॅम म्हणजे अडीच कोटी युनिट वीज. आंकडा खरा, परंतु तो वाचून खडीसाखरेच्या खड्यांतूनहि ती वीज काढतां येईल असें वाटूं लागतें. वास्तविक युरेनियमच्या विखंडनांतहि वस्तुमानाचा सुमारें हजारावा भागच मोकळा होतो. हिरोशिमावर ६ ऑगस्ट १९४५ रोजीं जी ऊर्जा कोसळली, ती सारी तोलली तर एक ग्रॅमहि भरत नाहीं.